पत्र्यावर वाजणारे तुझे ट्रे

प्रिय शालन,

दुपारचे दोन वाजलेत. ही माझी झोपेची वेळ, तुला ठाऊकच आहे. पण डोक्यावर पत्रा नुसता खडखडतोय. तुझे रोपांचे ट्रे वर वाळत टाकलेत. मीच टाकलेत. हसू नकोस! आधीच डोकं फिरलंय, म्हणून तर लिहायला बसलोय.

सहा महिन्यांपूर्वी, शेवटच्या दुखण्यात, जाताना तू वांग्याच्या बियाची बाटली माझ्या हातात दिलीस. राखेत घोळून ठेवलेलं, तुझ्या माहेरचं, नरसिंहपूरचं बी. "औंदा तरी गल्लीला रोपं द्या," एवढंच म्हणालीस. अगं, पण रोपं करायची कशी, ते कोण सांगणार? मी ऊसवाला माणूस. उसाची टिपरी मातीत पुरली की उगवते, तिचे असले नखरे नसतात.

तरी केलं. गोठ्यातून ट्रे काढले, झटकले, नारळाच्या भुशाचं कोकोपीट भरलं, ट्रेच्या एकेका कपात एक बी टाकलं. आठव्या दिवशी हिरवे कोंब दिसले आणि मी वेड्यासारखा शेजारच्या पारूवहिनींना हाक मारून दाखवले. पुढच्या चार दिवसांत सगळी रोपं बुडातून बारीक होऊन आडवी! पुन्हा बी टाकलं. पुन्हा तेच.

पारूवहिनी रोज कुंपणावरून विचारत होत्या, "भावजी, वांग्याची रोपं कवा देताय?" परवा म्हणाल्या, "न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या, नर्सरीतनं आणू." चांगल्या मनानं म्हणाल्या, पण मला असा राग आला! ते वांगं नर्सरीत मिळतं होय? बाटलीत आता चिमूटभर बी उरलंय. तेवढं गेलं की तुझं वांगं आपल्या वडगावातून संपलं.

शेवटी लेकीला बोलावून घेतलं. रेखानं ट्रे उचलला, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"आबा, हे धुतलं व्हतं का?"

"झटकलं की!"

"आन् उन्हात? आई आठ-आठ दिस पत्र्यावर वाळवायची. गोठ्यातल्या ओलीनं बुरशी धरलीया ह्यास्नी. रोपं जगतील कशी?"

मी ट्रे तिच्या हातातून काढून घेतला. ट्रे गोठ्यात कसे गेले, ते तिला माहीत नाही. तुला आहे.

तू जुन्या टूथब्रशनं एकेक कप घासायचीस आणि मी म्हणायचो, एवढे तर लोक दातही घासत नाहीत. मग ते पत्र्यावर जायचे, वारा सुटला की वाजायचे आणि माझी झोपमोड व्हायची. गेल्या उन्हाळ्यात मी तणतणत शिडी चढलो आणि सगळे खाली फेकले. "परत वर दिसलं तर चुलीत घालीन!" तू एक शब्द बोलली नाहीस. वेचलेस आणि गोठ्यात रचून ठेवलेस. त्या साली रोपं केलीच नाहीस. मला वाटलं, कंटाळली असशील.

का बोलली नाहीस गं? एकदा तरी भांडायचंस! ऊन लागलं नाही तर रोपं मरतात, एवढं सांगायला काय जात होतं? बरं, सांगितलं असतंस तरी मी कुठं ऐकणार होतो. त्याचाच जास्त राग येतोय.

काल घासले सगळे. तुझ्याच ब्रशनं, कोपऱ्याकोपऱ्यातून. बोटं सोलून निघाली. उरलेलं बी पुढच्या सोमवारी टाकणार आहे. उगवलं तर पहिली रोपं पारूवहिनींना, आणि दोन झाडं बियासाठी राखीन. नाही उगवलं तर गल्लीत दारोदार जाऊन सांगेन, बियात खोट नव्हती, ते माझ्या हातानं गेलं.

आणि एक शब्द देतो. हे ट्रे दर उन्हाळ्यात पत्र्यावरच जातील. वाजू देत किती वाजायचे ते. तू गेल्यापासून या घरात दुपारी दुसरं काही वाजतच नाही.

तुझाच,
दत्तू