बिनवासाच्या अळ्या

३ जानेवारी
पोहोचले एकदाची. खोली लहान आणि बर्फासारखी गार, पण खिडकी मोठी आहे. मी घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे बाबा गल्लीभर सांगत सुटलेत की पोरगी माश्यांची मास्तरीण झाली. सांगू देत. आमची माशी जनावरांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. त्या प्रयोगशाळेत वाढवता आल्या, तर नर वंध्य करून सोडता येतील आणि एक दिवस ही माशीच संपेल. मला याच कामाचा भाग व्हायचं होतं.

६ जानेवारी
अळ्यांची खोली अंगाइतकी उबदार असते. ट्रेमध्ये खिमा, रक्त आणि दूध पावडर. ते सडू नये म्हणून त्यात प्रतिजैविक घालतात. माझा सहकारी रोज सकाळी एकेक ट्रे हुंगतो, म्हणून त्याचं नाव नाक्या. वास नाही म्हणजे सगळं ठीक. मी औषधाचं प्रमाण नीट बसवल्यावर वास पारच गेला. नाक्या म्हणाला, आल्या आल्या माझ्या नाकाच्या पोटावर पाय दिलास.
तरीही अळ्या गलेलठ्ठ होतात आणि कोश करायला बाहेर न पडता खाण्यातच मरतात. आमच्या प्रमुख बाईंची उमेदीची वर्षं या एका कोड्यात गेली. त्यांचं म्हणणं, खिम्यात काहीतरी कमी आहे.

१० जानेवारी
अक्कलदाढ काढली. दंतवैद्यानं दिलेल्या गोळ्या म्हणजे आमच्या ट्रेमधलंच औषध. नाक्या म्हणाला, अक्कल गेली, आता तू खिम्यात जमा. दुपारी उबेला अळ्यांच्या खोलीत बसले आणि डोळा लागला. तोंड उघडं होतं म्हणे. माश्यांच्या पिंजऱ्यातून एक मादी निसटली होती. सापडली नाही.

१२ जानेवारी
दाढेच्या जागी हुळहुळतंय. दंतवैद्यानं वाकून वास घेतला. जखम स्वच्छ आहे म्हणाला.

१४ जानेवारी
आरशात पाहिलं. खड्ड्यात पांढरी टोकं, प्रत्येकावर दोन काळे ठिपके. रोज पाहते, चुकणार कशी. ओकले, मग बाईंकडे गेले. माझी हनुवटी धरून त्यांनी दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. डॉक्टरला फोन करते म्हणाल्या, पण फोनला हात लावला नाही. मग हळूच म्हणाल्या, जिवंत मांसात वाढल्यात, या बाहेर पडतील, कोश करतील. मीच म्हटलं, राहू देत. गोळ्या मात्र थांबवू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या.

१६ जानेवारी
दुखतं. ताप नाही, वास नाही. आई फोनवर म्हणाली, मिठाची गुळणी धरलीस का. नाक्या आज चिडला. आत्ता काढून घे, हुतात्मा व्हायची हौस कशाला म्हणाला. त्याला काय कळतं, असं मी बाईंना सांगितलं. आज पडायला हव्या होत्या. अळ्या कोश करायला ज्यात पडतात, त्या भुशाच्या ट्रेवर मान घालून बसले. एकही नाही.

१८ जानेवारी
नाक्यानं ओढतच दवाखान्यात नेलं. खड्डा रिकामा. मला वाटलं, पडल्या. स्कॅन काढला — गालामागे, वर शिरल्यात. शल्यवैद्य म्हणाले, भरती व्हा, पण सगळ्या काढता येणार नाहीत.
परत येताना उलगडलं. खिम्यात काही कमी नव्हतं. जखम सडू लागली, वास सुटला, की अळी ओळखते — खाणं संपलं, निघायचं. तीच खूण आम्ही पुसून टाकली. म्हणून त्या ट्रेमध्ये मरत होत्या. म्हणून माझ्यात —
बाईंना सांगितलं. त्या रडल्या. गोळ्या बंद. सडू द्यायचं.

२० जानेवारी
ताप. गाल काळानिळा. नाक्या सकाळ-संध्याकाळ येतो, वाकतो, मान हलवतो. अजून नाही. उजव्या बाजूनं कमी ऐकू —

२१
नाक्या दारातच थांबला. जवळ आला नाही. म्हणजे सुटला वास. मला येत नाही. बाईंनी भुसा हनुवटीखाली —

संध्याकाळ
हलताहेत. सगळ्या एकदम. पण खाली नाही. उजव्या डोळ्यामागे —
बाई म्हणतात, पट्टी बांधू, डोळा मीट. नको म्हटलं. पहिल्यांदाच निघाल्यात. उघडा असला तर त्यांना वाट