तळ्याकाठच्या सात टोपल्या

७ ऑगस्ट १९८८, रविवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. लता माहेरी पिंप्राळ्याला जाऊन एकवीस दिवस झाले. तिचं म्हणणं एकच: यावल तालुक्यातल्या या खेड्यातून जळगावला बदली करून घ्या, तोवर मी घरी येत नाही. जाताना माझ्या फसलेल्या ससेपालनाचा विषय उगाच काढला. ससे पळाले त्याला मी काय करणार?
बदलीचा मार्ग सापडला आहे. तिच्याच मामेभावाने अमेरिकेहून प्लास्टिकच्या तीन तबकड्या आणि एक मासिक पाठवलं होतं. त्यात फोटो आहे. निळं तळं, काठाने हिरवळ, जागोजागी खांबांवर टोपल्या. लांबून तबकडी फेकायची, टोपलीत पाडायची. कमी फेकींत सगळ्या टोपल्या संपवेल तो जिंकला. डिस्क गोल्फ. गावाबाहेर तळं आहे. शाळेत पी.टी. शिकवायला मी आहे. अजून काय लागतं?

१० ऑगस्ट.
जिल्ह्याच्या क्रीडासाहेबांना पत्र टाकलं. 'खानदेशातला पहिला डिस्क गोल्फ कोर्स, पाहायला यावे.' 'भारतातला' लिहिणार होतो, पण नम्रता बरी. साहेब खूश झाले की मी जळगावला कोच. लताला कळवलं: सामान बांधून ठेव.

१४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
कोर्स तयार. मासिकात अठरा टोपल्या आहेत. आपल्या सात, कारण केळीला टेकू द्यायचे बांबू तेवढेच मिळाले. शेवटचे तीन खांब अगदी पाण्यालगत. फोटोत तसेच आहेत.
झुंबरबाई तिथे शेळ्या चारते. तिने खांब मोजले. पुन्हा मोजले. म्हणाली, कायले सात गाडले सर? पाच गाडा, नऊ गाडा, पान्याकाठी सात नका गाडू. का, ते सांगितलं नाही. शेळ्या हाकत निघून गेली.
शाळेचा शिपाई छगन खड्डे खणत होता, त्याला विचारलं. म्हणे सात आसरा. पाण्यातल्या सात बाया. काठाला त्यांच्या नावाने सात परड्या मांडल्या की वर येऊन बसतात. मी म्हटलं, बसू दे, प्रेक्षक हवेतच. छगन हसला नाही. नव्या खेळाला आधी विरोध होतोच.

१६ ऑगस्ट.
सराव. पहिली टोपली एकवीस फेकींत. मासिकातला माणूस तीन फेकींत संपवतो, पण त्याला वारा अनुकूल असणार. तांबडी तबकडी पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात जाऊन काढली. मला पोहता येत नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही. पी.टी.च्या मास्तरने सांगायचं नसतं.

१९ ऑगस्ट.
गावाने खेळ स्वीकारला. तिसऱ्या टोपलीत हिरव्या बांगड्या होत्या, पाचवीत खण-नारळ. विजेत्यासाठी बक्षिसं असावीत. सातवीत दहीभात. तो मात्र तबकडीला चिकटतो, सूचना द्यायला हवी.
झुंबरबाईची शेळी तळ्यात मेलेली सापडली. पाय घसरला असेल.

२३ ऑगस्ट. सकाळी ७.
सातपुड्यात पाऊस. तळं चढतंय. सातव्या खांबाला पाणी लागलं. फोटोपेक्षा देखणं दिसतं. बायका रोज येतात, एकामागे एक, बोलत नाहीत. मी फेकायला लागलो की डोक्यावर पदर घेऊन मागे सरतात. शिस्त वाखाणण्यासारखी.
निळी तबकडी पाण्यात. कमरेएवढं. खालचा चिखल पाय सोडत नव्हता. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. भीती नव्हे. अंदाज घेत होतो. निळी मिळाली नाही.

२६ ऑगस्ट.
तोताराम आबांची म्हैस बुडाली. पोहणारी म्हैस. छगन म्हणाला, शेळी एक, म्हैस दोन. सात घेतीन त्या. न् सर, सातवा तो असतो, ज्याने बसाडल्या. मी त्याला योगायोग म्हणजे काय ते फळ्यावर समजावलं. ऐकून घेतलं आणि रजेचा अर्ज दिला. जाताना माझ्या पाया पडला. हे का केलं कळलं नाही. शाळेची घंटा मीच वाजवली.

२८ ऑगस्ट, रविवार.
दोन खांब उपटायचं ठरवलं. पाच टोपल्या जास्त सुटसुटीत. पहार घेऊन गेलो तर खांबांपाशी बायका बसलेल्या, आणि तोताराम आबा. आबा हळूच बोलले, रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, बसाडल्या तुम्ही सर, आता उठवता येत न्हाई. फक्त पान्यात जाऊ नका. पहार तिथेच राहिली. सात हा आकडाही वाईट नाही.
लताला सविस्तर पत्र. शेळी, म्हैस, सगळं लिहिलं. हसेल.

२ सप्टेंबर. दुपार.
साहेब आले. जीपमधून उतरून टोपल्यांतलं हळदीकुंकू पाहिलं आणि बूट काढले. मी नियम सांगितले. करून दाखवा म्हणाले. सगळं गाव काठावर, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. तांबडी आणि पिवळी राहिल्या होत्या. पिवळी फेकली. आयुष्यात पहिल्यांदा सरळ गेली. सातव्या टोपलीवरून थेट तळ्यात. आत पंधरा फुटांवर, वारा नसताना, एका जागी गोल फिरत राहिली.
मी पाण्यात पाऊल टाकलं. मागून झुंबरबाईने शर्ट धरला. सोडेचना. खरं लिहायचं तर बरं वाटलं.
साहेबांनी हात जोडले. म्हणाले, स्थान जागृत आहे. बदलीचं विचारलं. ते म्हणाले, गावकऱ्यांनी सांगितलं, ज्याने बसवल्या त्याला इथेच राहावं लागतं. मी कशाला मध्ये पडू? जीप गेली.

४ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३.
लता आली. अकराच्या बसने, माझ्या सासूबाईंबरोबर. मी दाढी केली होती, चादर बदलली होती. ती घराकडे वळलीच नाही. दहीभाताचं पातेलं घेऊन थेट तळ्यावर. मी मागे छत्री घेऊन. सातही टोपल्यांपाशी ओटी भरली. शेवटच्या खांबापाशी घोटाभर पाण्यात उतरली आणि खूप वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. बदली मागत असणार.
तिथून ती परत स्टँडवर आली, तेव्हा काय मागितलं ते विचारलं. म्हणाली, तुम्हाला नेऊ नये एवढंच आसरांकडे मागितलं. पत्र वाचल्यापासून झोप नव्हती. मी म्हटलं, मग झालं तर, चल घरी. तिने रिकामं पातेलं सासूबाईंकडे दिलं. मग म्हणाली, रिकाम्या हाताने मागता येत नाही. आवडीचं काहीतरी सोडावं लागतं.
लोक नवसाला गोड सोडतात, वांगी सोडतात. तिने माझ्याबरोबर राहणं सोडलं. मी तिला इतका आवडत होतो, हे मला माहीत नव्हतं.
अडीचची बस आज वेळेवर आली. मी खिडकीपाशी छत्री धरून उभा होतो.