मुंगवडीतली चवळी

माय, त्या फूड इन्स्पेक्टरला चवळीचं सांगायची तुला काहून एवढी घाई होती, हे मला अजून कळलं नाही. त्यानं फक्त लायसन विचारलं होतं. ते आपल्याजवळ नव्हतं. बुधवारच्या बाजारात वड्या, पापड, लोणचं घेऊन बसणाऱ्या कोणत्याच बाईजवळ नव्हतं. घरी केलेली वस्तू विकायला सरकारचा कागद लागतो, हे कोणाला ठाऊक होतं? पण तू त्याच्याशी पाहुणा आल्यासारखी बोलत सुटली. "मूगडाळ हाय, अद्रक, मिर्ची, अन् थोडी चवळी. चवळीनं वडी हलकी होते न साहेब. माही सासूबी टाके."

त्यानं तीन बाटल्या काढल्या. वड्या भरताना तू प्रत्येकीत मूठभर जास्त घातली आणि वर त्यालाच म्हणाली, "चाखून पाहा न बापा, बाटलीत कोंबून चव समजते का?" चपराशी हसला. साहेब हसला नाही. असल्या माणसांच्या पुस्तकात हसायचं कलम नसतं. त्यानं लाखेनं बाटल्या बंद केल्या, वड्यांचे पैसे तुझ्यापुढे ठेवले आणि कागदावर तुझा अंगठा घेतला. मी तेव्हा सतरा वर्षांचा, सातवी नापास, तुझ्या बाजूला तराजू धरून. घरी येताना म्हटलं, "माय, तुले चूप राहता नाही आलं?" तू म्हणाली, "चूप काहून राहू? चोरीचा माल हाय का, पोट्ट्या?"

मग समन्स आला. चवळी घातलेली वडी मुंगवडी म्हणून विकली तर ती भेसळ, असा कायदा. चवळी खाऊन आपल्या वस्तीत कोणाचं पोट दुखल्याचं मी ऐकलं नाही, पण कायद्याचं दुखलं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. तू दाराजवळच्या बाकावर बसली. शिपाई बिचारा दोनदा येऊन म्हणाला, "बाई, पाणी पिऊन या, कोणी काही म्हणत नाही." तू मान हलवली. "साहेब उठल्याबिगर उठता येत नाही म्हणते न?" सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत तू पाण्यालासुद्धा हलली नाही. त्यानंतर तू बाजारात कधी बसली नाही. दोन वर्षांनी गेलीच.

इथं गुजरातेत मी फरसाणच्या कारखान्यात आहे. बेसनात वाटाण्याचं पीठ पोत्यानं पडतं, मीच ओततो. पुडक्यावर मात्र लाल अक्षरात लायसन नंबर छापलेला असतो. इन्स्पेक्टर येतो, मालकाच्या केबिनमध्ये चहा पितो, बाटल्या न उघडता जातो. हा त्यांचा कायदा. अशा वेळी मला तुझा राग येतो. इथल्या पोरांना मी सांगतो, आमची माय भोळी होती, खरं बोलून फसली. पोरं हसतात. मीही हसतो.

आता धाकटीचं पत्र आलं आहे. नवऱ्याची मिल बंद आहे. ती तुझ्याच जागेवर वड्या घेऊन बसणार म्हणते. लायसनसाठी तीन चकरा झाल्या, बाबू दरवेळी नवा कागद मागतो. फॉर्मवर मालाचं नाव लिहायचं आहे. तिनं विचारलं आहे, "दादा, काय लिहू? पाटीवर बी तेच लागते."

ते वाचून मला आपल्या दुकानापुढची पाटी आठवली. त्या बुधवारी साहेबानं पापड-लोणच्याच्या बायांना ताकीद देऊन सोडलं होतं. त्यांच्याजवळ पाटी नव्हती. आपल्याजवळ होती. तू मला फक्त मुंगवडी लिहायला सांगितलं होतं. मला अक्षराचा माज. मी वर लिहिलं, शंभर टक्के शुद्ध मूग. तुला वाचता कुठं येत होतं? कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबानं विचारलं, हे कोणी लिहिलं. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. तू वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "मीच लिहाले सांगतलं."

धाकटीला हे माहीत नाही, आणि आजही मी तिला कळवलं नाही. एवढंच लिहिलं, की मूग-चवळी वडी असं नाव टाक, त्यावर एक शब्द चढवू नको, अन् पाटी पेंटरकडून करून घे, माझी वाट पाहू नको. तुला लिहिलेला हा कागद तर टाकायला पेटीच नाही. तिच्या मनिऑर्डरचा फॉर्म भरला आहे. लायसनची फी आणि पेंटरची मजुरी धरून पंच्याऐंशी रुपये.