खांद्याची शिवण

शनिवार, जुलै २००७

आज जॅकेट घालून शॉवरखाली उभी राहिले. हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाहीये.

गेल्या पावसाळ्यात मेघना साधा प्लास्टिकचा रेनकोट घालून मैत्रिणींबरोबर गडावर गेली. बाहेरचं पाणी आत आलं नाही, पण घामाने आतले कपडे चिंब झाले. वर वारा सुटल्यावर पोरगी थरथरायला लागली. मैत्रिणींनी खाली आणून मला फोन लावून दिला, तेव्हा काहीतरी असंबद्ध बोलत होती. ते बोलणं अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या रविवारी परत जायचं म्हणतेय. म्हणून आज तिच्यासाठी पावसाळी जॅकेट घ्यायला आम्ही दोघी बेव्हर्ली पार्क भागातल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आंटी, इसमें पसीना बाहर जाता है, पानी अंदर नहीं आता." घेतलं, पण विश्वास बसेना. घरी येऊन मीच घालून बघितलं. दहा मिनिटांत उजव्या खांद्याला गार लागलं. शिवणीच्या भोकांतून येणारं पाणी अडवणारी पट्टीच आतून लावलेली नव्हती.

"आई, एवढंसं तर भिजलंय," मेघना म्हणाली.

इथे एवढंसं. वर, त्या वाऱ्यात? मी उगाच घाबरतेय का? शेवटी बोलून गेले, "तू जाऊच नकोस."

तिने ओलं जॅकेट दोरीवर टाकलं. मग हळूच म्हणाली, "तेव्हा गडावर मला वाटलं होतं, मी घरी येत नाही आता. तुला सांगितलं नाही."

उद्या दुसरं जॅकेट बघायला जातोय. इतके दिवस वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय.