प्रेमक्काला काढली तशी

१२ जून, शुक्रवार
— आणि वर मलाच म्हणतो, "आई, मध्ये बोलू नकोस!" मग दाखवतोस कशाला? माझा लेक अभिराज. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात कबड्डीचा गेम करतात. आपला संघ आपण चालवायचा, समोरचे संघ कॉम्प्युटर चालवतो. आणि तो कॉम्प्युटर ठोंब्या! गुडघे गेलेले गडी वर्षानुवर्षं खेळवतो. नाहीतर कप्तानालाच एका झटक्यात हाकलतो, मग बाकीचे रुसतात, संघ बुडतो. खेळणारे शिव्या घालतात. हे सुधारायचं काम याच्या गळ्यात.

मी म्हटलं, माणूस असं एकदम काढतात का रे? आपल्या कामवाल्या प्रेमक्काला मी कशी काढली? हात थरथरायला लागले तिचे. आधी अर्धं काम काढून घेतलं, मोडक्या कानडीत म्हटलं — "स्वल्प आराम कर अक्का." मग पलीकडच्या ब्लॉकात कामाला लावून दिली. मग गौरीच्या सणाला साडी देऊन निरोप दिला. संपलं! रडली नाही, भांडली नाही.

हा आपला टाईप करतोय.

१८ जून
अभिराज हवेत! कॉम्प्युटरचे संघ शहाणे झाले म्हणे. थकलेला गडी आधी अर्धा वेळ बसवतात, मग दुसऱ्या संघात धाडतात, मग हारतुरे घालून निरोप. कुणी रुसत नाही. "आई, तुझीच रीत घातली!" मी लाडू वळले. सून कस्तुरी नुसती माझ्याकडे बघत होती.

२३ जून
गॅस चालू राहिला माझ्याकडून. पातेलं जळलं. एकदाच!

२६ जून, शुक्रवार
स्वयंपाकाला बाई आली. मला न विचारता! सकाळचं तिचं, रात्रीचं माझं. कस्तुरी म्हणते, "आई, तुम्ही थोडा आराम करा." खिडक्या लावल्या तरी आज मागच्या तळ्याचा घाण वास घरात.

२९ जून
जेवताना अभिराज, मान वर न करता — "आई, सुचेताताईकडे जाऊन ये ना नागपूरला. तिच्या बाळाकडे बघायला कुणी नाही." सुचेता माझी थोरली लेक.
किती दिवस?
"बघू गं."
परतीचं तिकीट?
"नंतर काढू."
मग विचारलं, तुझ्या गेममध्ये दुसऱ्या संघात धाडलेला गडी परत येतो का रे? हसला. "कधीकधी." पाणी प्यायला उठून गेला.

१ जुलै
गेटवर प्रेमक्का भेटली. नवी बाई तिच्या ओळखीतलीच निघाली. मला खालीवर न्याहाळलं. "काय अक्का, आराम का?" आणि सावकाश चालती झाली. माझाच शब्द ऐकवून गेली. मला!

३ जुलै, शुक्रवार
दोघांनी मिळून साडी आणली. मोरपिशी, भारीतली. सण नाही, वार नाही. घडी मोडली नाही मी. अभिराजच्याच खुर्चीवर नेऊन ठेवली आणि सांगितलं — मी परत येणार की नाही, रविवारी सकाळपर्यंत तोंडाने सांग. "बघू" चालणार नाही.