झिजलेले इंजिन माउंटिंग एका संध्याकाळपुरते परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन योग्यता तपासणी केंद्र
(बाद केलेल्या भागांची खोली आपल्याच अखत्यारीत येते, असे खिडकीवर सांगण्यात आले.)

विषय : पिकअप गाडीचे काढून जमा केलेले जुने इंजिन माउंटिंग नष्ट न करता एका संध्याकाळपुरते परत बसवू देणेबाबत.

संदर्भ : याच गाडीस आपल्या केंद्राने दिलेला नापास शेरा व दुरुस्तीनंतरचा पास शेरा.

महोदय,

१. अर्जदार ही धुलाई कारखान्यातून दवाखान्यात चादरी पोहोचवणाऱ्या पिकअपची चालक आहे. आपल्या केंद्राविरुद्ध तिची काहीही तक्रार नाही, हे ती आधीच नमूद करते. आपल्या निरीक्षकांनी गाडी नापास केली ती योग्यच केली. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे माउंटिंगवर, टेकते तो फाटून लोखंडावर लोखंड आपटत होते. निरीक्षकसाहेब केबिनमध्ये बसले, गाडी चालू केली आणि म्हणाले, "बाई, हे इंजिन आहे की पाळणा?" त्यावर अर्जदार हसली होती. त्या हसण्याचा राग त्यांनी मानला नाही, याबद्दल ती आभारी आहे.

२. गाडी मूळची अर्जदाराच्या थोरल्या भावाची. त्याला घरात दादा म्हणत, कारखान्यातही दादाच. बोलणे असे त्याला माहीतच नव्हते. घरी यायचा, खाकरायचा, हात धुऊन पानावर बसायचा. जे काय बोलायची ती त्याची गाडी. जागेवर उभी राहिली की तिचे दार किणकिणायचे, पत्रा कुरकुरायचा, गल्लीच्या तोंडाशी आली की घरात आई म्हणायची, "आला माझा वाघ." रबर बदल म्हटले की दादाचे उत्तर ठरलेले : "चालतंय की."

३. गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. ती दवाखान्यात असतानाच दादा गेला. चादरी उतरवून तो कारखान्याच्या फाटकाशी गाडी चालू ठेवून बसला होता. छातीत कळ आली असावी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काचेतून त्याला पाहिले होते. पण गाडीच्या थरथरीने त्याची मान डोलत होती, म्हणून पहारेकऱ्याला वाटले, दादा आज गाणे ऐकतोय, खुशीत आहे. बराच वेळ गाडी तशीच चालू होती. इंधन संपून इंजिन थांबले आणि मान थांबली, तेव्हा लोक धावले. हे वाचताना आपणांस त्रास झाल्यास अर्जदार क्षमा मागते. तिला हे रोज त्याच सीटवर बसून आठवावे लागत असे.

४. आईला सांगायला अर्जदार दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात गाठून बजावले, "काहीही झालं तरी त्यांना रडू द्यायचं नाही. टाके आहेत." त्यामुळे सांगणे राहिले, आणि शेजारीपाजारीही आईपुढे बोलले नाहीत. पुढे टाके निघाले, पण दृष्टी काही आली नाही. आईला घरी आणायला दुसरे वाहन नव्हते, म्हणून अर्जदाराने हीच गाडी काढली. परिचारिकेने आईला आत बसवले, गाडी थरथरली, आईने पुढच्या फळीवर तळवा ठेवला आणि चेहरा उजळून म्हणाली, "दवाखान्यात एकदाही आला नाहीस ना रे? असू दे. कामं असतात." अर्जदार शेजारीच, स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि न बोलणे हाच तर दादाचा पुरावा!

५. त्या दिवसापासून त्या घरात दोन माणसे नांदू लागली आणि दोन्ही अर्जदारच होती. कारखान्यातून आल्यावर ती दादाच्या चपला घालून पुढच्या दाराने आत यायची, खाकरायची, पानावर बसायची. जेवून बाहेर जायची, चपला काढायची, मागच्या दाराने पुन्हा यायची. आई विचारायची, "आलीस का गं? दादा जेवून गेला आत्ताच. तुझं वाढू?" मग दुसरे पान. खाऊन खाऊन अर्जदाराचा घेर वाढला. शेजारीण म्हणाली, "दुःखात माणसं वाळतात, तू फुगतेयस." हसू नये, पण त्या दिवशी अर्जदार खूप हसली. नंतर दाराची कडी लावून बसली.

दादा म्हणून, त्याची टोपी घालून बसली की आई तिच्या डोक्यावरून हात फिरवी. अर्जदार म्हणून बसली की आई तिला पाणी भरायला सांगे. हळूहळू तिला पुढच्या दारानेच यावेसे वाटू लागले. एका आठवड्यात तर मागच्या दाराने यायचे ती विसरूनच गेली, आणि आईनेही तिची चौकशी केली नाही. गेलेले माणूस घरात जेवत होते आणि हयात माणसाचा पत्ता नव्हता. म्हणून आपल्या केंद्राने गाडी नापास केली, तेव्हा अर्जदाराला सुटल्यासारखे झाले. निरीक्षकसाहेबांपुढचे ते हसणे त्या सुटकेचे होते.

६. मिस्त्रीने इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, बोल्ट खोलले, जुने माउंटिंग काढून नवे बसवले. काढलेला भाग नियमाप्रमाणे आपल्या केंद्रात जमा झाला. गाडी पास झाली. परतताना केबिनमध्ये इतकी शांतता होती की अर्जदाराला स्वतःचा श्वास ऐकू आला. श्वास एकाचाच आहे याची तिने दोनदा खात्री करून घेतली.

७. त्या संध्याकाळी ती दादाच्या चपला घालून आत आली, खाकरली. आईने मान वर केली नाही. म्हणाली, "कोण ते? दादा अजून यायचाय." अर्जदार पुन्हा खाकरली. आई म्हणाली, "गाडी आली नाही, तो कसा येईल?" दादाचे पान झाकून ठेवले गेले, आणि सकाळी ते तसेच होते. मग रोज तसेच.

अर्जदार मिस्त्रीकडे गेली. त्याने बोल्ट सैल करून पाहिले. घरापाशी आणली तर गाडी धाडधाड वाजली. आई दारात येऊन म्हणाली, "हा कोणीतरी दुसराच आहे, त्याला जायला सांग." दुसऱ्या गाडीचे जुने माउंटिंग टाक म्हटले, तर मिस्त्री म्हणाला, "ताई, झिजलेलं विकत मिळतं, पण ते दुसऱ्याचं झिजणं असतं. तुमच्या दादाचं झिजणं मी कुठून आणू?" त्याने बोल्ट परत आवळले व मजुरी घेतली नाही.

८. गेल्या सोमवारी आई एकटीच काठी टेकत दादाला शोधायला रस्त्यावर आली. अर्जदार वळणावरून येत होती. नव्या माउंटिंगमुळे गाडी आईला ऐकूच आली नाही. करकचून ब्रेक लावला तेव्हा आई बॉनेटपासून हातभर लांब होती. तिने पुढे होऊन बॉनेटवर तळवा ठेवला. इंजिन चालू होते.

"कुणाची गाडी ही?"

"आपलीच आहे, आई."

"आपली नाही. आपल्या गाडीत तो हाताला लागतो."

तेव्हा भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना, अर्जदाराने सांगितले की दादा नाही, आई दवाखान्यात होती तेव्हाच गेला. आई रडली नाही. बॉनेटवरचा हात न काढता म्हणाली, "मग पानावर कोण जेवत होतं?"

"मी."

"तरीच. त्याने जन्मात कधी कांदा खाल्ला नव्हता. मला वाटलं, सुधारला."

अर्जदाराने तिला उचलूनच केबिनमध्ये बसवले. आईने पुढच्या फळीवर, दारावर, काचेवर, सगळीकडे हात फिरवला आणि म्हणाली, "बंद कर. यात कोणी नाही."

९. महोदय, तेव्हापासून आई जेवते, बोलते, अर्जदाराला तिच्या नावाने हाक मारते. तिला भ्रम झालेला नाही. दादा गेला हे ती शेजारणीला स्वतःच्या तोंडाने सांगते. मात्र तिचे म्हणणे असे : "तुम्ही सगळ्यांनी त्याला पोहोचवलंत. मी नाही. मी दवाखान्यात आडवी होते. तो गाडीत राहिला होता, आणि गाडीतूनही माझ्या नकळत काढलंत. मला एकदा त्याला 'जा' म्हणू दे." म्हणून अर्जदार आपल्या केंद्रात आली. आपल्या खिडकीवर असे कळले की बाद भागांची खोली येत्या शनिवारी रिकामी करून सर्व माल भट्टीत जाणार आहे.

१०. सबब विनंती की, सदर माउंटिंग बाजूला काढून ठेवावे आणि शनिवारपूर्वी एका संध्याकाळी, आपल्याच केंद्राच्या आवारात, निरीक्षकांसमक्ष ते गाडीस बसवू द्यावे. गाडी जागची हलणार नाही. मिस्त्री स्वखुशीने येण्यास तयार आहे. काम झाल्यावर नवे माउंटिंग तिथेच परत बसवले जाईल. जुना भाग भट्टीत जाताना आई हजर राहू इच्छिते.

११. आवारातील फलकावर लिहिले आहे की चालक जागेवर नसताना इंजिन चालू ठेवू नये. या नियमातून तेवढ्या वेळापुरती सूट असावी. मिस्त्री गाडी चालू करून खाली उतरेल. अर्जदारही बाहेर, दारापाशी उभी राहील. तिथे बसायचे नाही, हे तिने आता ठरवले आहे. आई तिच्या बाजूच्या सीटवर बसेल. चालकाची जागा मोकळी ठेवू द्यावी.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

(सही)
पिकअपची चालक, दादाची धाकटी बहीण

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) दोन्ही शेऱ्यांच्या प्रती
२) भावाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत (आईला वाचून दाखवलेली)
३) आईचा अंगठा. "मी काय म्हणते ते साहेबांना नीट कळेल असं लिही," असे तिने सांगितले आहे. तसे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.