उरलेला वेळ हिरवा

२ जून, सकाळ

एक जुनी सकाळ आठवली : एक वेणी घालून झाली होती आणि दुसरीची रिबीन सापडत नव्हती. गॅसवर दूध, नातीच्या तोंडात ब्रश, सूनबाई एका पायात चप्पल घालून लॅबची किल्ली शोधतेय, मुलगा विचारतोय माझा डबा कुठला. रिबीन शेवटी त्याच्या डब्याला बांधलेली निघाली. मीच बांधली होती. त्या सकाळी कुणी भांडलं नव्हतं, म्हणून ती लक्षात राहिली असावी.

आता दोघांनी गावाच्या दोन टोकांना घरं घेतलीत. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत नात, आमची ठमी, माझ्याकडे. वकीलबाईंनी पेरेंटिंग प्लॅन मागितलाय : मूल कोणत्या वारी कुणाकडे, शाळेत कोण सोडणार, ताप आला तर रजा कोण घेणार. दोघांनाही वेळ नाही. मी करून देणार. हे जन्मभर बसडेपोत वेळापत्रकं करत होते, ती मी जेवणाच्या टेबलावर रोज पाहिली आहेत. लायब्ररीतून कायद्याचं पुस्तकही आणलंय. प्रस्तावना समजली.

निश्चय : मध्ये पडायचं नाही. फक्त कागद करायचा.

५ जून

यांची लाल-निळी पेन्सिल कपाटात सापडली. टोक यांनीच केलेलं, म्हणून आधी वापरवेना. मग वापरली. निळा मुलाचा, लाल सूनबाईचा. पेन्सिलीला टोकं दोनच, म्हणून ठमीच्या पेटीतला हिरवा खडू घेतला. हिरवा म्हणजे उरलेला वेळ, तो माझ्याकडे. मुलाचं ऑफिस उशिरा सुटतं, सूनबाईची शिफ्ट बदलते, त्यामुळे वेळ बराच उरला. सगळ्या रात्री हिरव्या झाल्या. गाडी दिवसभर कुठेही फिरो, रात्री डेपोत आली पाहिजे, असं हे म्हणायचेच.

८ जून, दुपार

मुलाचा फोन. म्हणाला, आई, तू यात पडू नकोस, आमचं आम्ही बघतो. दमलेला वाटला. मागोमाग सूनबाईचा. म्हणाली, आई, कशाला एवढा त्रास घेता. किती काळजी करते माझी. दोघांचं निदान एका बाबतीत एकमत झालं. हा माझ्या कागदाचाच गुण.

एक कलम वाढवलं : दोघांपैकी कुणी आजारी पडल्यास आजी रिझर्व्ह ड्रायव्हर राहील.

१२ जून

ठमीने तक्ता पाहिला. हिरवं कोण, म्हणाली. म्हटलं, मी. मग बाबाच्या नव्या घरी माझा ब्रश आहे का, म्हणाली. म्हटलं, पाहू. आईच्या घरी मला खिडकीजवळ झोपता येईल का? म्हटलं, अभ्यास कर.

स्वयंपाकघरातून परत येऊन बघते, तर यांची पेन्सिल घेऊन माझ्या रात्री लाल आणि निळ्या करत बसलेली. अगं, आणि मी कुठे, असं विचारलं. मान वर न करता म्हणाली, तुझ्याकडे मी येता-जाता येईन ना.

लहान मुलांना वेळापत्रकातलं काय कळतं. तक्ता पुन्हा हिरवा केला. खडू संपला.

१७ जून

कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थबाईंच्या ऑफिसात सगळे गेलो. फाइल मी मांडीवर धरून नेली. शिपाई म्हणाला, आत फक्त आईवडील आणि मूल. मी म्हटलं, मी आईच आहे. तो म्हणाला, आजी, ह्या मुलीची आई. फाइल सूनबाईकडे दिली आणि बाहेर बाकावर बसले. समोर पाण्याचं पिंप, नळ गळत होता. तो नीट बंद केला. पुन्हा गळायला लागला.

आतून हसणं ऐकू आलं. मुलाचं आणि सूनबाईचं, दोघांचं एकदम. असं हसणं घरात किती दिवसांत ऐकलं नव्हतं. म्हणजे प्लॅन पास.

येताना नवा हिरवा खडू घेतला.

२० जून

मुलगा पक्का मसुदा वाचून दाखवायला आला होता. त्या दिवशी आत दोघं हसले ते रिझर्व्ह ड्रायव्हरच्या कलमाला. आई, तू पण ना, म्हणाला. पण मग माझ्याकडे बघायचं टाळून भराभर वाचत गेला.

अर्धा आठवडा तो, अर्धा आठवडा ती. आजी मसुद्यात एकदाच येते, शेवटाकडे : दर बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी एकाने मुलीला आजीच्या दारात आणून सोडावं, दुसऱ्याने दहा मिनिटांनी येऊन न्यावं.

ही दहा मिनिटं वकीलबाईंनी घातली का, मी विचारलं. म्हणाला, नाही, ठमीने. मध्यस्थबाईंनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आजीकडे येता-जाता जायचंय.

मी डेपो मांडला होता, त्याचा थांबा झाला. तशी यांच्या तक्त्यात दहा मिनिटं म्हणजे मोठा थांबा असायचा, ड्रायव्हरचा चहा होण्याइतका. हे असते तर त्यांनी दोघांना नीट समजावून सांगितलं असतं. किंवा मला.

कायद्याचं पुस्तक परत करायचंय.

२२ जून

काल ठमीला न्यायला दोघंही आले. ब्रश तिने स्वतः आठवणीने घेतला. दोन्ही वेण्या घालून दिल्या, रिबिनी लगेच सापडल्या.

आज तिची खाट आवरली. दारापाशी खुर्ची नेऊन ठेवली. एकच. ती मांडीवर बसेल.